बांधावरची वाघाटी: कडू किती काढायचं, किती ठेवायचं

पारोळा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या शेताच्या बांधावर जुन्या निंबावर एक काटेरी वेल चढलीय. मोबाईलमधलं झाडं ओळखणारं अ‍ॅप तिला 'जंगली ब्लॅकबेरी' म्हणतं. सासूबाई म्हणतात, ही वाघाटी, आषाढी बारशीला हिची भाजी करायची असते. दोघांत खरं कोण? खायची असेल तर कशी करायची? आणि घरात सासऱ्यांचा गुडघा सुजतो, नवऱ्याला साखर आहे, तर हिच्या पाल्याचा काही उपयोग होईल का? सोबत चार फोटो आहेत, त्यातला एक मार्चमधला, फुलांचा.

ताई, सासूबाईंचं खरं आहे. चौथ्या फोटोत पानाच्या देठाशी दोन आकडेदार काटे जोडीनं दिसतात, तेवढं मला पुरलं. चोपड्याला दवाखाना चालवून मला सत्तावीस वर्षं झाली. त्यातली निम्मी तरी सातपुड्याच्या पायथ्याशी पेशंटच्या मागे नाही तर झाडांच्या मागे फिरण्यात गेली. हे काटे मी डोळे मिटून, म्हणजे साडी अडकवून, ओळखते.

आधी ब्लॅकबेरीचं मिटवून टाकू. ब्लॅकबेरी, रासबेरी ही गुलाबाच्या कुळातली, रुबस वंशातली काटेरी झुडपं. आपल्या राज्यात ती सह्याद्रीच्या गार, धो-धो पावसाच्या माथ्यांवर सुखी असतात. महाबळेश्वरला उंची साधारण १,३५० मीटर आणि पाऊस ५,००० मिलिमीटरच्या वर, तिथं रासबेरी होते. उत्तराखंडात हिसालू म्हणतात ती पिवळी फळंही याच भावकीतली. आपल्याकडं पाऊस जेमतेम ६००-७०० मिलिमीटर आणि मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो. तिथं ती बांधावर आपसूक उगवून निंबावर चढेल हे काही पटत नाही. शिवाय रुबसचे काटे खोडावर कुठंही विखुरलेले असतात, पानाची कड दातेरी असते आणि फळ म्हणजे इवल्या रसाळ मण्यांचा घोस असतो. तिकडं युरोपात तिच्या फळांचा मुरांबा करतात आणि पानं तुरट म्हणून त्यांचा काढा जुलाबावर, गुळण्यांना वापरतात. हे सांगायचं कारण एवढंच, की अ‍ॅपवर विसंबून कुणी वाघाटीच्या पाल्याचा तसा काढा केला तर तोंड आणि पोट दोन्ही चुरचुरतील. नाव चुकलं की औषधही चुकतं.

आता वाघाटी. शास्त्रीय नाव कॅपॅरिस झेलॅनिका. जुन्या पुस्तकांत कॅपॅरिस हॉरिडा असंही सापडेल. लॅटिनमध्ये हॉरिडा म्हणजे काटेरी, खरखरीत, आणि ते नाव जास्त शोभतं. हिंदी मुलखात अर्दंडा, काही ठिकाणी गोविंदफळ. संस्कृतात व्याघ्रनखी म्हणतात. पण एक घोळ लक्षात ठेवा. धुपाच्या, सुगंधी द्रव्यांच्या यादीत 'व्याघ्रनख' येतं, ती वनस्पती नव्हे. तो शंखातल्या प्राण्याच्या तोंडावरचा झाकणासारखा तुकडा असतो. नावावरून दुकानात मागितलं तर भलतंच हातात पडेल.

ओळखायची तर असं करा. कोवळ्या शेंड्यावर गंजाच्या रंगाची मऊ लव असते, बोटानं पुसली तर निघते. पान साधं, जाडसर, कड अखंड, टोकाला बारीकशी टोचणारी अणी. देठाच्या बुडाशी दोन काटे, दोन्ही मागं वळलेले. फुलांचा फोटो तुम्ही पाठवलाय तो नीट बघा. पानाच्या बगलेच्या वर दोन-तीन कळ्या एकाखाली एक ओळीत बसल्यात, शर्टाच्या गुंड्या लावाव्यात तशा. अशी मांडणी दुसऱ्या काटेरी वेलीत मी आपल्या भागात पाहिली नाही. फूल उमलतं पांढरं, लांब लांब पुंकेसरांचा झुबका बाहेर काढून, आणि शिळं होत गेलं की गुलाबी-तांबूस होतं. म्हणून एकाच फांदीवर पांढरी आणि गुलाबी फुलं दिसतात. तुमच्या फोटोत तसंच आहे. फळ गोल, लांब जाड देठावर लोंबणारं, हिरवं असताना लिंबाएवढं, पिकलं की लाल.

काट्यांचं सांगते, कारण फळं तोडायला तुम्ही जाणारच. वाघाटीत शिरताना काही वाटत नाही. मागं फिरलात की वाघानं पंजा टाकल्यासारखी बाही, ओढणी, कातडी सगळं एकदम धरलं जातं. ओढू नका. जितकं ओढाल तितका आकडा रुततो. उलट पाऊलभर पुढं, वेलीच्याच अंगावर जा, म्हणजे काटा आपोआप सुटतो, मग बाजूनं निघा. हे मला सातपुड्यातल्या वैजापूरच्या रानात एका पावरा आदिवासी आजीनं शिकवलं. मी तिथं भर दुपारी अर्धा तास अडकले होते आणि ती बांधावर बसून आधी पोटभर हसली होती.

एका वेलीशी मात्र गल्लत करू नका: कवंडळ. तिची फळंही गोल, पिकल्यावर लालभडक, तीही झाडावर चढते, आणि पोटात गेली तर जुलाब-उलट्यांनी माणूस आडवा होतो. फरक सोपा आहे. कवंडळ भोपळ्याच्या कुळातली, तिला काटे नसतात, स्प्रिंगसारखे तणावे असतात, पान फाटलेलं, हाताच्या पंजासारखं. तणावा दिसला की हात मागे. वाघाटीला तणावा कधीच नसतो, ती काट्यांच्या जोरावर चढते. म्हणूनच मी सांगते, बाजारातून नुसती फळं विकत घेण्यापेक्षा पहिल्यांदा तरी वेल बघून तोडा.

आता खायचं. इथं खरी गोम आहे.

वाघाटी कडू असते, आणि नुसती कडू नाही, जिभेला चरचरवते. कच्चं फळ विळीवर चिरलं की मोहरी वाटल्यासारखा, मुळ्यासारखा उग्र वास नाकात जातो. तो योगायोग नाही. मोहरी, मुळा आणि वाघाटीची भावंडं यांच्या पेशींत गंधकयुक्त द्रव्यं असतात. या वंशात त्यातलं मुख्य जे आहे त्याचं नावच ग्लुकोकॅपॅरिन. फळ किंवा पान चिरलं, चेचलं की पेशींतलं विकर (एन्झाइम) त्याच्यावर काम करतं आणि झोंबणारं, उडून जाणारं तेल तयार होतं. उकळत्या पाण्यात टाकलं की विकर मरतं, तयार झालेलं तेल वाफेबरोबर जातं आणि बराचसा कडूपणा पाण्यात उतरतो. त्यामुळं भांड्यावर झाकण ठेवायचं नाही. अनेक घरांत झाकण ठेवून शिजवतात आणि मग 'फार उग्र लागते बाई' म्हणून नाव ठेवतात.

या सगळ्या कुळाचं खाणं म्हणजे कडू काढायची कला आहे. राजस्थानात केर खातात ना, ती वाघाटीची सख्खी चुलत बहीण. तिची फळं मिठाच्या पाण्यात नाहीतर ताकात कित्येक दिवस मुरवतात, तेव्हा कुठं केर-सांगरी होते. भूमध्य समुद्राकाठी त्याच वंशातल्या झुडपाच्या कळ्या खारवून केपर्स म्हणून विकतात, पिझ्झ्यावर घालतात त्या. आपल्याकडं वायवर्णाच्या कोवळ्या पाल्याची आणि फुलांची भाजी करतात, तोही याच कुळातला, तोही उकळून पिळून. माणसानं जिथं जिथं हे कूळ खाल्लंय तिथं आधी पाणी फेकलंय.

पण किती फेकायचं? माझी आई तीन पाणी फेकायची. मग भाजी गवतासारखी लागायची, आम्ही गुळावर आणि कुटावर ढकलायचो. लग्न होऊन आले तर सासूबाई एकच पाणी फेकायच्या. पहिल्या घासाला मी तोंड वाकडं केलं तर म्हणाल्या, "कडू शे, पन गुननं शे." पुढं दवाखान्यात बसायला लागल्यावर मला सासूबाईंचंच बरोबर वाटलं. जो कडूपणा तोंडाला पाणी आणतो आणि भूक चाळवतो, तोच सगळा मोरीत ओतून दिला तर उरतं काय? उरतो तो चोथा. आणि उलट टोकाला काही मंडळी 'औषधी आहे' म्हणून कच्चा रस काढून पितात, त्यांची जीभ आणि आतडी दोन दिवस बोलत नाहीत. आपल्याला मधलं हवं.

तर करायची अशी. फळं हिरवी, दाबल्यावर टणक, देठासकट तोडा. चार माणसांना दहा-बारा पुरतात. ही पोट भरायची भाजी नव्हे, ताटाच्या कडेला दोन पळ्या. उभी चिरा. फळ कोवळं असेल तर बी पांढरं, मऊ, ते राहू द्या. निबर असेल तर बी कडक आणि भोवतीचा गर चिकट, तो सगळा चमच्यानं खरवडून काढा आणि फक्त साल घ्या. पातेल्यात पाणी, मीठ, चिमूटभर हळद, खळखळून उकळी आली की फोडी टाका, उघडंच आठ-दहा मिनिटं. पाणी ओतून द्या. गार पाण्यात एकदा बुचकळून हातानं पिळा. एक फोड चाखा. कारल्याएवढी कडू लागली तर बस झालं. जीभ चरचरली तरच दुसरं पाणी. तिसरं कधीच नाही.

मग फोडणी, शेंगदाण्याच्या तेलात, नेहमीपेक्षा पळीभर जास्त. जिरं, हिंग, हिरवी मिरची ठेचून. बारशीला घरात लसूण चालत असेल तर लसूण, नसेल तर नको, हिंग सांभाळून घेतं. फोडी परतून कडा जरा लाल होऊ द्या. नंतर भाजलेल्या दाण्यांचं कूट मूठभर, भाजून कुटलेले तीळ दोन चमचे, चिंचेचा कोळ आणि सुपारीएवढा गूळ. तीळ आणि दाण्यांचं तेल कडूला धरून ठेवतं, एकदम जिभेवर येऊ देत नाही. वरून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. खानदेशात हिला काळा मसाला घालून रस्साही करणारे आहेत, पण माझं मत विचाराल तर मसाल्याखाली वाघाटी मरते. मग वांगंच करावं की!

सासूबाई बारशीचं म्हणाल्या ते का, हेही सांगते. आषाढीला फळ नेमकं भाजीजोगं असतं, हे पहिलं आणि साधं कारण. दुसरं असं, की पावसाळ्यात भूक मंदावते, वात वाढतो, हे आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत स्पष्ट सांगितलंय, आणि आपण नेमकं एकादशीला साबुदाणा, बटाटा, दाणे, तूप असं जडजूड 'उपवास' म्हणून खातो. त्याच्या दुसऱ्या दिवशी पारण्याला कडू-तिखट, उष्ण गुणाची भाजी ताटात आली तर पोटाला बरंच वाटतं. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी ज्येष्ठात निघते आणि महिनाभराहून जास्त चालून पंढरपूर गाठते. त्या दिंडीतल्या एका माउलीनं मला सांगितलं होतं की बारशीला तिकडं वाघाटी मिळाली नाही तर गावाकडून सोबत नेलेला सुका तुकडा तरी तोंडात टाकते. बाकी 'बारशीला एकदा खाल्ली की वर्षभर आजार नाही' असं जे म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही. वर्षातून एकदा दोन पळ्या भाजीनं कुणाचं वर्ष निघत नाही.

आता गुडघा. पाल्याचा लेप सुजेवर, गळवावर लावायची चाल जुनी आहे आणि ती पोकळ नाही. चेचलेल्या पानातलं तेच मोहरीसारखं द्रव्य कातडी लाल करतं, तिथं रक्त ओढतं आणि आतली ठणक तेवढ्यापुरती कमी वाटते. मोहरीचा लेप लावायचे तसंच. पण एक प्रकार सांगते, माझ्याच हातून झालेला. दवाखान्याचं दुसरं वर्ष. बांधकामावर जाणारे एक आबा गुडघा धरून आले. मी मोठ्या उत्साहानं ताजा पाला वाटला, गरम केला, बांधला, आणि 'सकाळी सोडा' म्हणाले. सकाळी आबा आले ते पट्टी हातात घेऊन. गुडघ्यावर भाजल्यासारखे टपोरे फोड. म्हणाले, "बाई, गुडघा बरा शे, पन कातडं गयं." आठवडाभर शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्यानं धुतलेलं तूप, लावत बसले मी, फुकट, आणि त्यांच्या बायकोची बोलणी वेगळी. चूक पाल्याची नव्हती, माझी होती. हा लेप पंधरा मिनिटांचा. रात्रभराचा नव्हे.

तुमच्या सासऱ्यांना लावायचाच असेल तर कातडीला आधी एरंडेल किंवा तिळाचं तेल लावा, मध्ये पातळ सुती फडकं ठेवा, वर लेप, आणि घड्याळ लावा. आग व्हायला लागली की वेळ न बघता काढा. साखरेच्या पेशंटच्या पायाला तर अजिबात नको. तिथं संवेदना कमी असते, भाजलेलं कळत नाही आणि जखम भरत नाही. आणि गुडघा वारंवार सुजत असेल, गरम लागत असेल, तर आधी अस्थिरोगाच्या डॉक्टरांना दाखवा. संधिवाताच्या गुडघ्याला आणि झिजलेल्या गुडघ्याला एकच पाला चालत नाही.

साखरेचं थोडक्यात. वाघाटीच्या अर्कानं उंदरांची साखर उतरल्याचे प्रयोग झालेत. तो अर्क आणि तुमच्या मिक्सरमधला रस एक नव्हे, आणि तुमचे मिस्टर उंदीर नव्हेत. भाजी त्यांना खुशाल द्या, गूळ कमी घालून. चालू असलेली गोळी बंद करून पाल्याचा रस सुरू करायचा नाही. असे पेशंट दर पावसाळ्यात माझ्याकडं येतात, साखर तीनशेच्या वर घेऊन.

मुळाच्या सालीचा उल्लेख ग्रंथांत येतो, भूक लागायला आणि फार घाम येतो त्यावर. मी ती वापरत नाही. साल काढायची म्हणजे वेल मारायची, आणि त्याच कामाला सुंठ, ओवा, पिंपळी घरात असताना मुळावर कुऱ्हाड कशाला? गरोदर बाईला, अंगावरून जास्त जातं तिला, आम्लपित्तानं छाती जळते त्याला, मूळव्याधीतून रक्त पडतं त्याला वाघाटी नको, भाजीही नको. उष्ण आहे.

वेलीचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण तिसऱ्या फोटोत मागं पोकलेन उभा दिसतोय, म्हणून विचारते, बांध सपाट करताय का? तेवढा निंब आणि वेल राहू द्या. शेळी तोंड घालत नाही असं कुंपण आयतं मिळालंय. शिवाय आषाढीच्या आठवड्यात हीच फळं भाजीबाजारात भाव खातात, एरवी कुणी ढुंकूनही बघत नाही. यावलच्या बाजारात पावरा बाया वाटा लावून बसतात तेव्हा दहा वाजायच्या आत टोपली रिकामी होते. विकायची असतील तर बारशीच्या दोन-तीन दिवस आधी तोडा, आणि सगळी तोडू नका, चार-दोन पिकू द्या. पिकलेलं लाल फळ पाखरं फोडतात. त्यातलं ताजं बी गर धुऊन लगेच पिशवीत पेरलं तर रोप निघतं, पण संयम ठेवा, ही घाईत वाढणारी वेल नव्हे. सुकवून ठेवलेलं बी माझ्याकडं तरी कधी उगवलं नाही.

आणि दुसऱ्या फोटोत पानं कुरतडलेली दिसतात, त्यावर फवारणी करू नका. पांढऱ्या-पिवळ्या जातीची काही फुलपाखरं वाघाटीच्याच कुळावर अंडी घालतात. पान उलटून बघा, हिरव्या अळ्या शिरेला चिकटून बसलेल्या असतील. वेल त्यातून दरवर्षी पुन्हा फुटते. फवाराल तर ते विष पंधरा दिवसांनी बारशीच्या ताटात येईल.